मोबाइलमध्ये अख्खा स्टुडिओ मावतो, तरी लोक वायरींच्या पेटीवर लाखभर रुपये का घालतात?

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. दिवसभर टाळ, मृदंग आणि वीणा. संध्याकाळी मुक्कामाच्या गावी कीर्तन उभं राहिलं की पेटीवाल्याच्या शेजारी बऱ्याचदा आणखी एक वस्तू दिसते, इलेक्ट्रॉनिक तानपुरा. जुन्या ट्रान्झिस्टरएवढा डबा, पुढे चार-पाच नॉब, बस.

आता गंमत बघा. तानपुऱ्याचं ॲप मोबाइलमध्ये येऊन खूप वर्षं झाली. अनेक ॲपमध्ये खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग वापरलेलं असतं, त्यामुळे आवाज त्या डब्यापेक्षा गोड लागतो. फोनमधल्या प्रोसेसरची ताकद तर डब्याच्या कैक पट. तरीही डबा गेलेला नाही.

कारण विचारलं तर गाणारा माणूस अगदी साधं सांगेल. अभंग रंगात आला असताना स्वर जरा चढवायचा असेल, तर डब्याचा नॉब न बघता फिरवता येतो. मोबाइलवर आधी स्क्रीन उघडा, मग बारीक अक्षरं शोधा, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो.

कीर्तनाच्या मंडपातला हा किरकोळ फरक म्हणजे जगभरच्या सिंथेसायझर कंपन्यांसमोरचा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. यंत्रात कॉम्प्युटरची ताकद किती भरायची आणि बोटांसाठी जागा किती ठेवायची?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-१००० नावाचं तालयंत्र बाजारात आणलं. त्यात १९८० च्या टीआर-८०८ आणि त्यानंतरच्या टीआर-९०९ या आपल्याच जुन्या यंत्रांची ॲनालॉग सर्किटं कंपनीने पुन्हा बसवली, चाळीसहून जास्त वर्षांनी. सोबत डिजिटल भाग आहेच, आणि वर नॉब-स्लायडरची अख्खी बाग. त्याच ८०८ चा आवाज रोलँड स्वतः सॉफ्टवेअर म्हणून यापेक्षा कितीतरी स्वस्तात विकते. मग हे यंत्र घेतं कोण, आणि कशासाठी?

मॉड्युलर म्हणजे काय? ठिबकचा सेट डोळ्यांसमोर आणा

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे समजावणं सोपं आहे. शेतातला ठिबकचा सेट घ्या. मोटर पाणी ढकलते. पुढे फिल्टर गाळ अडवतो. व्हॉल्व्ह ठरवतो पाणी किती सोडायचं, आणि टायमर ठरवतो केव्हा सोडायचं.

सिंथेसायझरमध्ये पाण्याच्या जागी वीज वाहते. ऑसिलेटर ही मोटर, तो कच्चा, कर्कश आवाज तयार करतो. फिल्टर त्यातला नको तो भाग गाळतो. ॲम्प्लिफायर हा व्हॉल्व्ह. आणि सिक्वेन्सर हा टायमर, तो सांगतो कोणता स्वर कधी वाजवायचा.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डमध्ये ही सगळी जोडणी आतल्या आत केलेली असते, तुम्हाला फक्त पट्ट्या दिसतात. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये प्रत्येक भाग वेगळा विकत घ्यायचा, एका चौकटीत बसवायचा आणि बारीक वायरींनी आपल्या मनाप्रमाणे जोडायचा. खरी मजा पुढे आहे. या वायरीतून नुसता आवाज जात नाही, हुकूमही जातो. एका भागातून निघालेला व्होल्टेज दुसऱ्या भागाचा नॉब आपोआप फिरवू शकतो. एका प्लॉटवरच्या पाण्याने दुसऱ्या प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडावा, तसं.

१९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी असे सिंथ बनवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात जर्मनीच्या डोएप्फर कंपनीने लहान आकाराचं युरोरॅक हे माप रूढ केलं, आणि आज बहुतेक कंपन्या त्याच मापात माल काढतात. उंची १२८.५ मिलिमीटर ठरलेली. रुंदी 'एचपी' या एककात मोजतात, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण भांडण इथेच आहे. नेहमीच्या चौकटीतली एक ओळ ८४ एचपीची, म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर. जेवणाच्या दोन ताटांपेक्षाही कमी. एवढ्या जागेत सगळं बसवायचं.

प्रोसेसर लहान होतो, बोट होत नाही

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या चौकटीत छोटे कॉम्प्युटर शिरले. फ्रान्सच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं 'क्लाउड्स' हे २०१४ चं मॉड्यूल त्यातलं गाजलेलं. आत १६८ मेगाहर्ट्‌झचा एक साधा चिप. आजच्या पंधरा हजारांच्या मोबाइलपुढे तो काहीच नाही. पण तेवढ्यावर ते मॉड्यूल आवाजाचे बारीक तुकडे करून ढगासारखे पसरवून दाखवायचं.

दुसरीकडे ब्रिटनच्या एक्स्पर्ट स्लीपर्सचं 'डिस्टिंग'. मूळचं मॉड्यूल जेमतेम चार एचपीचं, म्हणजे दोन सेंटिमीटर रुंद, आणि त्यात डझनावारी वेगवेगळी कामं कोंबलेली. कागदावर हा सौदा बेस्ट वाटतो. एका मॉड्यूलच्या पैशात इतकी सारी.

पण दोन सेंटिमीटरमध्ये नॉब बसणार किती? एक मोठा, आणि मग मेनू. कितव्या नंबरवर काय आहे हे पाठ करा, नाहीतर माहितीपत्रक मांडीवर घेऊन बसा. स्टुडिओत निवांत बसलेल्या माणसाला हे चालतं. स्टेजवर अंधार असताना चालत नाही.

क्लाउड्सचंही हेच दुखणं होतं. त्यावरचा 'ब्लेंड' हा एकच नॉब चार कामं करायचा, आणि आत्ता तो कोणतं काम करतोय हे बटण दाबून बदलायचं. नॉब एका जागी दिसतोय आणि आतली किंमत भलतीच आहे, असं सतत व्हायचं. म्हणजे डोळ्यांना एक दिसतं, कानाला दुसरंच येतं. कंपनीने २०२१ मध्ये त्याची पुढची आवृत्ती 'बीड्स' काढली, तेव्हा यातल्या महत्त्वाच्या कामांना आपापला नॉब दिला. नवा प्रोसेसर अर्थातच जास्त ताकदीचा होता, पण वापरणाऱ्याला हाताखाली जाणवलेली सुधारणा नॉबची होती.

ही चूक उद्योगाने पूर्वीही केली होती आणि ती चांगलीच महागात पडली होती. किंवा खरं तर उलट, तिने पैसे मिळवून दिले होते. १९८३ चा यामाहाचा डीएक्स-७ आठवा. पूर्ण डिजिटल, त्या काळाच्या मानाने अफाट गणिती ताकद, घंटा आणि इलेक्ट्रिक पियानोचे असे आवाज की लोक वेडे झाले. लाखाहून जास्त खपला. पण १९७० च्या मिनीमूगवर जिथे प्रत्येक गोष्टीला नॉब होता, तिथे डीएक्स-७ वर सपाट बटणं, एक स्लायडर आणि दोन ओळींचा इवलासा पडदा. आतमध्ये बदलण्यासारख्या शंभराहून जास्त गोष्टी, त्या सगळ्या त्या एका खिडकीतून. परिणाम असा की बहुतेकांनी नवे आवाज बनवायचा नाद सोडला आणि कंपनीने भरून दिलेलेच वाजवले. ऐंशीच्या दशकातली इतकी गाणी एकमेकांसारखी का ऐकू येतात, याचं एक कारण त्या दोन ओळींच्या पडद्यात आहे.

१९८२, मुंबई: सहा नॉबची गोष्ट

आपल्याकडे या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उदाहरण मुंबईत घडलं.

भारतात मॉड्युलर सिंथ आला १९६९ मध्ये, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूगचा संच मांडून दिला आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीय संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले. त्या टेप नंतर कित्येक दशकं कुणी ऐकल्याच नाहीत. हिंदी चित्रपटसंगीतात मूगचा आवाज आणणाऱ्यांत मुंबईचे केर्सी लॉर्ड यांचं नाव घेतलं जातं.

आणि मग चरणजित सिंग. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे मुंबईचे वादक. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं मिळवली: ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हा बासचा डबा. १९८२ मध्ये त्यावर त्यांनी दहा रागांची एक रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी कपाळावर हात मारला. कारण १९८७ मध्ये शिकागोत जन्मलेल्या 'ॲसिड हाउस' संगीतासारखाच आवाज या माणसाने पाच वर्षं आधी मुंबईत काढला होता. चरणजित सिंग यांचं २०१५ मध्ये निधन झालं. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत का होईना, परदेशातल्या स्टेजवर त्यांना ती दाद मिळाली.

आता त्या टीबी-३०३ कडे नीट बघा. आत चार बिटांचा एक क्षुल्लक चिप. त्यात स्वर भरायची पद्धत इतकी विचित्र की स्वर एकदा भरायचे आणि त्यांचा वेळ वेगळा भरायचा. बासवादकाची जागा घेण्यासाठी काढलेलं हे यंत्र त्या कामात सपशेल पडलं आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण त्याच्या वरच्या बाजूला आवाज घडवणारे सहा नॉब होते. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. रागात मींड लागते, ती पट्टीच्या वाद्यावर मिळत नाही. या डब्यावर ती अंशतः मिळाली.

शिकागोच्या पोरांनी काय केलं? जुन्या बाजारात पडलेला हाच डबा घेतला आणि तो वाजत असताना फिल्टरचे नॉब फिरवत राहिले. दोन शहरं, एकमेकांचा पत्ता नाही, आणि दोघांनाही त्या यंत्रात सापडलं ते हाताला लागणारं काहीतरी. चिपची ताकद दोन्हीकडे गौण होती.

पेटीचं भांडण आपण आधीच केलंय

हा वाद मराठी माणसाला नवा वाटायचं कारण नाही. हार्मोनियम आली तेव्हा हेच झालं होतं. नाट्यसंगीताने ती उचलून धरली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफिलीत मान मिळवून दिला. पण आक्षेप कायम होता: बारा पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत, मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली.

या आक्षेपावर महाराष्ट्रातच एक उत्तर निघालं. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम बनवली. सा आणि प अचल, उरलेल्या दहा स्वरांच्या प्रत्येकी दोन श्रुती, असे मिळून बावीस. आता हे गणित कॉम्प्युटरला पोरखेळ आहे. सॉफ्टवेअरमध्ये यादीतून राग निवडा, सगळे स्वर क्षणात आपापल्या जागी बसतील. ओकांच्या पेटीत मात्र प्रत्येक पट्टीखाली एक खुंटी आहे. ती ओढली की एक श्रुती, ढकलली की दुसरी. कोणता गंधार लागलाय हे वादकाला पेटीकडे बघूनच कळतं, आणि दुसरा हवा असेल तर तो बदलतोही हातानेच.

यंत्राने स्वतःची अवस्था बाहेर दाखवावी, हाच मुद्दा क्लाउड्सच्या ब्लेंड नॉबमध्ये हुकला होता.

मग कीबोर्ड वाईट का? नाही

मॉड्युलरवाल्यांची एक खोड आहे. वायरींचं जंगल दिसलं की त्यांना ते आपोआप थोर वाटतं. तसं ते नसतं.

लग्नाच्या ऑर्केस्ट्राचा विचार करा. एक गाणं संपतं, दुसरं सुरू व्हायला पाच सेकंद. बासरी हवी, मग ढोलकी, मग सनई. इथे मॉड्युलर नेला तर वऱ्हाड जेवून घरी जाईल आणि वायरी जोडून व्हायच्या असतील. मॉड्युलरमधला ॲनालॉग भाग काहीच लक्षात ठेवत नाही. काल जमलेला आवाज आज पुन्हा हवा असेल तर नॉबचा फोटो काढून ठेवा. प्रोसेसरचा सगळ्यात मोठा उपकार आठवणीचा आहे, आणि पोट भरणाऱ्या वादकाला तीच लागते. यामाहाची भारतासाठी काढलेली पीएसआर-आय मालिका यासाठीच खपते. त्यातल्या आय-५०० मध्ये तानपुरा-तबल्यासाठी 'रियाज' नावाची सोयही दिली आहे.

दुसरी अडचण पैशांची. युरोरॅकचं एक मॉड्यूल सहज दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जातं. चौकट आणि वीजपुरवठा वेगळा. त्यात बराचसा माल परदेशातून येतो, त्यावर कर लागतो, आणि बारामतीच्या बाजारात जाऊन नॉब फिरवून बघावा अशी सोय नाही. हाताने अनुभवायची वस्तू न हाताळता ऑनलाइन मागवायची, हा यातला विनोद आहे.

आणि बारामतीचं नाव सध्या कॉम्प्युटरच्या ताकदीशी जोडलं गेलंय ते वेगळ्याच कारणाने. इथल्या कृषी विज्ञान केंद्राचा एआयवर आधारित ऊसशेतीचा प्रयोग. उपग्रह, हवामान केंद्र, मातीतले सेन्सर, आणि त्यावर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये चालणारं गणित. २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेला यांनी त्याचा उल्लेख केला आणि नाव जगभर गेलं. तिथे शेतकऱ्याच्या हातात काय येतं? मोबाइलवर सल्ला, पाणी किती द्यायचं, खत कधी. एवढंच येणं हेच तिथलं चांगलं डिझाइन आहे. उपग्रहाची चित्रं बघत बसायला शेतकऱ्याला वेळ नसतो, त्याला निर्णय हवा असतो.

संगीतात हे सूत्र लागू पडत नाही. तिथे निर्णयापर्यंत पोचणं हेच काम असतं. फिल्टर हळूहळू उघडत नेणारा हात थांबवून 'उत्तम फिल्टर: ६२ टक्के' असं सांगणारं यंत्र कितीही हुशार असलं तरी वाद्य होत नाही. त्यामुळे ताकद आणि हाताची जागा यांचा तराजू प्रत्येक ठिकाणी वेगळा लावावा लागतो, आणि 'आणखी वेगवान प्रोसेसर' ही जाहिरात वाचताना आधी विचारायचं: कुणाच्या, कुठल्या कामासाठी?

लाखभर नसतील तर?

तरी सुरुवात करता येते, आणि फुकट. व्हीसीव्ही रॅक हा २०१७ पासून मिळणारा मोफत प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर अख्खा युरोरॅक उभा करतो. वायरी माउसने ओढायच्या. व्होल्टेज, फिल्टर, सिक्वेन्सर सगळं शिकून होतं. दोन-चार आठवड्यांत एक गोष्ट मात्र लक्षात येते, माउसने एका वेळी एकच नॉब फिरतो. दोन हात आहेत, दहा बोटं आहेत आणि काम एकच बाण करतोय. तिथे चार-सहा हजारांचा नॉबवाला मिडी कंट्रोलर जोडला तरी फरक पडतो.

त्यापुढचा रस्ता स्वतः बनवण्याचा. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापुरात एस. बी. पाटील महाविद्यालय. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट लागतोच, आणि तानपुऱ्याचं मॉड्यूल हा त्यासाठी उत्तम विषय आहे. इलेक्ट्रोस्मिथचा 'डेझी' नावाचा छोटा बोर्ड ४८० मेगाहर्ट्‌झचा आहे, क्लाउड्सच्या जवळपास तिप्पट वेगाचा. छेडलेल्या तारेचा आवाज गणिताने काढायची, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली कार्प्लस-स्ट्राँग ही पद्धत आज सगळ्यांसाठी खुली आहे. चार तारा, तेवढं गणित या बोर्डाला झोपेतही जमेल.

म्हणजे ताकदीचा प्रश्न पहिल्याच दिवशी संपला. उरते ती पुढची पट्टी. स्वराला एक नॉब लागेल, मोठा, न बघता सापडणारा. लयीला एक. पहिली तार पंचमाची, मध्यमाची की निषादाची, त्याला तीन खटक्यांचा स्विच. आवाज कमी-जास्त करायला एक. पडद्याची गरज नाही.

आणि जवारी? खऱ्या तानपुऱ्यात घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवतात आणि त्या केसभर हालचालीने सगळा झंकार उघडतो. तोही मेनूत टाकायचा, की त्याच्यासाठी पत्र्याला पाचवं भोक पाडायचं, हे प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी एखाद्या गाणाऱ्याला शेजारी बसवून ठरवावं.